ग्रिझलीचं लॅमिनेशन

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात भांडार सांभाळणारे रावजी बोरस्ते तसे कुणाचे उपकार ठेवून घेणारे गृहस्थ नव्हेत. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणली तर परत करताना ते ती शीग लावून देतात. पण एक उपकार त्यांना आजतागायत फेडता आलेला नाही, आणि खरं सांगायचं तर तो फेडून मोकळं व्हायची त्यांची इच्छाही दिसत नाही. तो केला होता आयशा सलीम शेख या मुलीने, आणि तेव्हा ती सहावीत होती. ही हकिगत मी कुणाला सांगू नये म्हणून रावजींनी मला दोनदा मिसळ खिलवली आहे. मिसळ मी खाल्ली, पण शब्द दिला नव्हता.

साल दोन हजार पाच. कॉलनीतल्या पोरांना त्या वर्षी पैलवानांच्या पत्त्यांनी झपाटलं होतं. बबलगमच्या पाकिटात एक पत्ता निघायचा. त्यावर डोळे वटारलेला एखादा परदेशी पैलवान, आणि खाली त्याची कुंडली: रँक, उंची, वजन, छाती, जिंकलेल्या लढती. खेळ सोपा होता. दोघांनी आपापली गड्डी हातात पालथी धरायची. ज्याची पाळी असेल त्याने आपला वरचा पत्ता बघून ‘उंची’ किंवा ‘वजन’ असं काहीतरी पुकारायचं आणि मग दोघांनी पत्ते उघडायचे. ज्याचा आकडा मोठा, त्याने दोन्ही पत्ते घेऊन आपल्या गड्डीच्या तळाला सारायचे. रँक पुकारली तर मात्र उलटं, लहान आकडा मोठा. आपली सरकारी खाती ज्या नियमाने चालतात त्यापेक्षा हा नियम सरळ होता.

रावजींची मुलगी तृप्ती या खेळात पटाईत होती. गॅलरीत पत्ते मांडून ती असा काही विचार करत बसे की तिच्या आईला, मोहिनीवहिनींना, वाटे, पोरगी अभ्यास करते आहे. एकदा रावजींनी तिला कौतुकाने विचारलं, “हा एक नंबरवाला सगळ्यात भारी ना गं?”

“पप्पा, तो तर डब्बा आहे,” तृप्ती म्हणाली. “रँक पहिली, पण उंची कमी, वजन कमी. समोरच्याची पाळी असली की तो रँक कशाला पुकारेल? आणि प्रत्येकाकडे हाच निघतो. खरा कामाचा हा बघा.”

तिने जो पत्ता दाखवला तो होता ‘ग्रिझली गॅरेट’. रँक एकोणतिसावी, उंची बेताची, लढती जिंकल्याच्या नावाने आनंद. पण वजन असं, की छापणाऱ्याने सहकुटुंब मोजलं असावं. वजनात त्याला हरवणारा पत्ताच नव्हता, आणि तो निघायचाही फार क्वचित. अख्ख्या शाळेत एवढा एकच ग्रिझली होता. ‘आपल्या मुलीकडे आहे’ या कल्पनेने रावजींचा ऊर भरून आला, आणि ‘हा आपलाच आहे ना’ हा साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. पुढचं सगळं रामायण इथून सुरू होतं.

शेजारी चिमाजी कुशारे राहतात. ते लेखा विभागात होते आणि गुंतवणूक या विषयावर अधिकाराने बोलत, कारण त्यांनी बऱ्याच बुडीत योजनांत पैसे घातले होते. त्यांच्या सागवानाच्या बागेचं प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेम करून लावलेलं आहे; सागवान अजून कुणी पाहिलेलं नाही. चिमाजींच्या मेहुण्याचा मुलगा न्यू जर्सीत होता. त्याने फोनवर सांगितलं होतं, की तिकडे कुणीतरी लहानपणीचा खेळाडूचा पत्ता विकून घर घेतलं.

“बोरस्ते, जमिनी संपल्या, सोनं चढून बसलं,” चिमाजी चहा बशीत ओतत म्हणाले. “पुढचा काळ पुठ्ठ्याचा आहे. तुमच्या घरात बंगला लोळतोय आणि पोरगी त्याला घामेजल्या हातांनी पिसतेय.”

रावजींनी आयुष्यभर भांडार सांभाळलेलं. त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या वस्तूंचे तीन प्रकार: चालू माल, मंद माल आणि पडीक माल. त्याच रात्री जेवणानंतर त्यांनी तृप्तीच्या पत्त्यांची अशी वर्गवारी केली. चालू माल चिकट झाला होता. मंद मालाचे कोपरे दुमडले होते. पण ग्रिझली कुठल्याच गटात बसेना. मग त्यांना आठवला भांडारातला चौथा, अतिशय मानाचा प्रकार: इन्शुरन्स स्पेअर. वीजकेंद्रात काही सुटे भाग असे असतात, की ते वर्षानुवर्षं वापरले जात नाहीत, पण कुठल्याशा भयंकर प्रसंगी लागतील म्हणून ठेवावेच लागतात. त्यांना ग्रीस फासतात, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात आणि हात लावणाऱ्याच्या अंगावर धावून जातात. ग्रिझली हा बोरस्ते कुटुंबाचा इन्शुरन्स स्पेअर आहे, असं रावजींनी ठरवलं.

आता किंमत कोण ठरवणार? चिमाजी त्यांना स्कूटरवर बसवून नाशकात मेनरोडजवळ जुनी नाणी आणि तिकिटं विकणाऱ्या एका दुकानदाराकडे घेऊन गेले. त्या भल्या माणसाने डोळ्याला भिंग लावून ग्रिझलीचे चारही कोपरे तपासले. रावजी श्वास रोखून उभे होते. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरही त्यांना इतकं दडपण आलं नसतं.

“कोपरे चांगले आहेत,” दुकानदार म्हणाला. “रंग उडालेला नाही. ठेवा सांभाळून.”

“किती येतील?”

“गिऱ्हाईक आलं तर येतील.”

“आणि गिऱ्हाईक कधी येईल?”

“ते मी राजाभोजाच्या नाण्यासाठी चौदा वर्षं विचारतोय,” दुकानदार म्हणाला आणि भिंग पुसू लागला.

यातलं ‘ठेवा सांभाळून’ एवढंच रावजींच्या कानांनी टिपलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते बँकेत लॉकर मागायला गेले. कोणती बँक ते सांगत नाही. मॅनेजर अजून भेटतात. मॅनेजरनी सांगितलं, लॉकर रिकामा नाही, प्रतीक्षा यादी आहे, त्या यादीत नाव घालण्यासाठी अर्ज आहे, आणि अर्जाचे कागद संपले आहेत. मग सहज म्हणून विचारलं, “ठेवायचंय काय? दागिने?”

“नाही,” रावजी म्हणाले, “पैलवान.”

मॅनेजरनी घंटी वाजवून शिपायाला पाणी आणायला सांगितलं. ग्रिझली बघितल्यावर मात्र ते वरमले, कारण त्यांच्याही घरी नातू होता. त्यांनी आपुलकीचा सल्ला दिला: “साहेब, लॉकर मिळाला तरी कागद दमट होतो. मी माझ्या दहावीच्या मार्कशीटपासून पत्रिकेपर्यंत सगळं लॅमिनेट करून ठेवलंय. एकदा प्लॅस्टिक चढलं की काळजी मिटली.”

कुणाही मराठी मध्यमवर्गीय माणसाला हे बोलणं पटल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडे जी गोष्ट मौल्यवान ठरते तिला प्लॅस्टिक चढतं. रिमोटला चढतं, सोफ्याला चढतं, नव्या स्कूटरच्या सीटला तर ते फाटेपर्यंत राहतं. रावजी तडक कॉलनीच्या गेटबाहेरच्या सलीमभाईंच्या दुकानात गेले. सलीमभाई झेरॉक्स, बाइंडिंग आणि लॅमिनेशन करत. आयशा त्यांचीच मुलगी, तृप्तीच्या वर्गातली, तिची जिवाची मैत्रीण.

“असली कार्डं आमच्या घरात पण लोळत असतात,” सलीमभाई हसून म्हणाले. “आमची आयशा रात्रंदिवस हेच. कसं करू साहेब, साधं की जाड?”

“सगळ्यात जाड.”

“मग असं करून देतो की तुमच्या नातवाला पुरेल.”

मशीनने ग्रिझलीला एका बाजूने गिळलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढलं. पत्ता आता तकतकीत, ताठ आणि चारही बाजूंनी प्लॅस्टिकची पट्टी मिरवणारा झाला होता. जमिनीवर टाकला तर टण्ण वाजला. रावजींचे डोळे पाणावले. घरी जाऊन त्यांनी तो तृप्तीच्या गड्डीत, तिला आनंदाचा धक्का बसावा म्हणून, बरोबर मधोमध ठेवला.

धक्का बसला. त्याचं कारण असं, की कॉलनीच्या गणेशोत्सवात त्या वर्षी मुलांसाठी पैलवान-पत्त्यांची स्पर्धा होती. प्रत्येकाने आपल्या आवडीच्या वीस पत्त्यांची गड्डी पहिल्याच दिवशी मंडळाकडे नोंदवायची, पुढे ती बदलायची नाही. तृप्ती एकेक फेरी जिंकत फायनलला पोचली होती. फायनल होती तृप्ती विरुद्ध आयशा. आणि आता हा एक पत्ता गड्डीत लांबूनसुद्धा चमकत होता. तो वर आला की समोरच्याला न बघता कळणार, ग्रिझली आला. मग वजन कोण पुकारेल?

तृप्तीने पत्ता हातात घेतला. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं मोहिनीवहिनी नंतर म्हणाल्या.

“पप्पा, हा आयशाचा आहे,” ती म्हणाली. “माझी गड्डी कमजोर होती म्हणून तिने मला दिला होता. फायनलला आम्हीच आलो तेव्हा मी परत देत होते. ती म्हणाली, दिला तो दिला, फायनल झाल्यावर परत दे.”

एवढं बोलून ती जी गप्प झाली, ती गप्पच. म्हणजे मोहिनीवहिनींशी बोले, कामवाल्या नवसाबाईंशी बोले, कुंडीतल्या झाडांशी बोले. रावजींना काही सांगायचं असलं की ते समोर बसलेले असतानाच, “आई, पप्पांना सांग वहीवर सही पाहिजे.” रावजी सही करत. वही मग मोहिनीवहिनींच्याच हातात देत.

माणसाचं दुःख कॉलनीत फार वेळ खाजगी राहत नाही. संध्याकाळपर्यंत बोरस्त्यांच्या दारात चपलांचा ढीग झाला. तळमजल्यावरच्या झुंबरबाई पहिल्या आल्या.

“आरं रावजी, त्यात काय यवढं? तव्यावर जरा धर. पापुद्रा सुटंल बघ.”

“आजी, कागद जळेल ना.”

“मग मंद आचंवर धर. तुमा लोकान्ला लय घाई.”

चिमाजींच्या मते पत्ता फ्रीजरमध्ये ठेवायला हवा होता. बॉयलरवाल्या एका साहेबांनी थिनर सुचवला. सुदैवाने रावजींना एवढं सुचलं, की प्रयोग आधी दुसऱ्या पत्त्यावर करावा. एक नंबरवाला डब्बा पैलवान लॅमिनेट करून आणला आणि त्याच्यावर क्रमाने तवा, फ्रीजर आणि थिनर हे तिन्ही उपचार झाले. प्लॅस्टिक निघालं. त्याबरोबर पैलवानही निघाला. मागे पुठ्ठ्यावर एक मिशी तेवढी शिल्लक राहिली. तृप्तीने ती मिशी पाहिली आणि आईला म्हणाली, “आई, पप्पांना सांग, ग्रिझलीला हात लावू नका.”

मग रावजी मंडळाकडे गेले. स्पर्धेचं काम पाहणारे अध्यक्ष वीजकेंद्रात गुणवत्ता नियंत्रण बघायचे, त्यामुळे मोदकसुद्धा ते उजेडात धरून घेत. त्यांनी नियम सांगितला: खूण असलेला पत्ता चालणार नाही. त्याऐवजी वेगळा पैलवान चालणार नाही. हुबेहूब दुसरा ग्रिझली आणलात तर चालेल. नाहीतर तृप्ती बाद, आणि आयशाला न खेळता शील्ड.

“पोरीची चूक नाही हो यात. चूक माझी आहे,” रावजी म्हणाले.

“बोरस्ते साहेब, भांडारात तुम्ही वेगळ्या नंबरचा बेअरिंग कधी घेतलाय का?”

रावजींनी आयुष्यात कधीच घेतला नव्हता. ते मुकाट्याने परतले.

रविवारी त्यांनी स्कूटर काढली आणि ग्रिझलीच्या शोधात निघाले. मागे चिमाजी बसले. सल्ला आपण दिला होता हे त्यांना कुठेतरी टोचत असावं, म्हणून पेट्रोल त्यांनी भरलं. नाशिकरोडच्या दुकानांतली पाकिटं संपलेली. निफाडला रावजींच्या मामेभावाने द्राक्षाच्या बागेपासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं ऐकवलं, पण बबलगम नव्हतं. शेवटी विंचूरला कांद्याच्या मार्केटसमोर एका किराणा दुकानात धूळ खात पडलेलं आख्खं खोकं सापडलं. पोराटोरांची गिऱ्हाइकी नसल्याने ते उघडलंही नव्हतं. रावजींनी खोकंच घेतलं आणि दुकानाच्या पायरीवर बसून पाकिटं फोडायला सुरुवात केली.

आता पत्ता पाहिजे, पण बबलगम टाकवत नाही. अन्न आहे शेवटी. रावजींनी एक तोंडात टाकलं, चिमाजींनी एक टाकलं. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटू लागले. ट्रॅक्टरवरचे शेतकरी, हमाल, आडते, सगळे चघळत उभे राहिले आणि पत्ते उघडून बघायला मदत करू लागले.

“कसा दिसतो म्हंता तुमचा गडी?”

“जाडा. फार जाडा.”

“ह्यो का?”

“नाही, याच्यापेक्षा जाडा.”

“आमचा गेणू चालंल का मग?” असं एकाने विचारलं आणि कांद्याच्या ढिगावर बसलेला गेणू नावाचा हमाल फुगा फोडून हसला. खोकं संपलं. एक नंबरवाले डब्बे ढिगाने निघाले. ग्रिझली नव्हता. पण त्या अनोळखी लोकांनी आपला लिलाव सोडून पत्ते धुंडाळले, हे रावजी आजही सांगतात, आणि सांगताना विंचूरच्या दिशेला बघतात.

परतताना दोघांचेही जबडे धरले होते, त्यामुळे बोलणं झालं नाही. ते एका अर्थी बरंच झालं. कारण गेटजवळ आल्यावर रावजींनी चिमाजींना उतरवलं आणि स्कूटर सरळ सलीमभाईंच्या घराकडे वळवली. फायनल त्याच संध्याकाळी होती. शाळेला गणपतीची सुट्टी असल्याने पत्ता ज्या मुलीचा, तिला अजून कुणी काही सांगितलंच नव्हतं. तृप्तीला तोंड दाखवायची हिंमत नव्हती, आणि तोंड दाखवायचं काम खरं रावजींचंच होतं.

सलीमभाईंच्या बायकोने, गुलजारबींनी, सरबत आणून ठेवलं. रावजींनी ग्रिझली पुढे केला आणि झाला प्रकार सांगितला. बोलताना त्यांचं लक्ष सरबताच्या पेल्याकडे होतं. भांडारातली तूट सांगतानाही त्यांची मान अशी खाली कधी गेली नव्हती.

सलीमभाईंनी कपाळावर हात मारला. “या अल्ला! साहेब, म्हणजे मी माझ्याच पोरीचं कार्ड…”

आयशाने पत्ता घेतला. उलटा-सुलटा करून पाहिला. वाकवून पाहिला. मग सरबताच्या पेल्यातलं थोडं सरबत त्याच्यावर सांडून ओढणीने पुसलं आणि पुन्हा पाहिलं. रावजी शिक्षेची वाट बघत होते.

“तृप्ती का नाही आली?” आयशाने विचारलं.

“तिला वाटतंय तू रागावशील. आणि ती खेळणार नाहीये. शील्ड तुलाच मिळेल, बेटा. मंडळाने तसं सांगितलंय.”

“मग मी कोणाशी खेळू?”

आयशा थोडा वेळ ग्रिझलीकडे बघत बसली आणि एकदम उठून आत गेली. आली ती स्वतःची गड्डी घेऊन. तिचे पत्ते शाळेत सगळ्यात नीटनेटके असत. एकाचा कोपरा दुमडलेला नव्हता. ती गड्डी तिने वडिलांच्या मांडीवर ठेवली.

“अब्बू, माझे पण करा. आणि तृप्तीचे पण. सगळेच चमकले तर कुठला कोणाचा कसं कळणार?”

सलीमभाई रावजींकडे बघत राहिले आणि रावजी सलीमभाईंकडे. आम्ही मोठी माणसं इतके दिवस प्लॅस्टिक काढायच्या मागे होतो. चढवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“बेटा, तुझे पत्ते खराब होतील गं,” रावजी म्हणाले.

“खराब कुठे? भिजले तरी चालतील,” आयशा म्हणाली. “चला ना काका, उशीर होईल.”

दुकान उघडलं, मशीन लावलं, आणि लाइट गेली. त्या वर्षी भारनियमनाने सगळ्या महाराष्ट्राला छळलं होतं. जिथे वीज तयार होते त्या गावच्या वेशीवरही दुकानदार हातात पुठ्ठा घेऊन वारा घालत बसायचे आणि वीजकेंद्रातल्या माणसाला बघून तो पुठ्ठा जरा जोरात हलवायचे. कॉलनीत मात्र लाइट असे. रावजींनी आयुष्यात प्रथमच या गोष्टीची लाज वाटून घेण्याऐवजी तिचा उपयोग करायचं ठरवलं. मशीन स्कूटरवर पुढे पायांत ठेवलं, मागे सलीमभाई प्लॅस्टिकचा गठ्ठा घेऊन बसले, त्यांच्यामध्ये आयशा. अशी ती वरात कॉलनीच्या गेटातून आत शिरली तेव्हा वॉचमनने गाडी थांबवून विचारलं, “साहेब, मशीनचा गेटपास?”

हा नियम रावजींनीच केला होता. त्यांनी वॉचमनकडे असं काही पाहिलं, की त्याने दांडा वर केला.

मंडपात गर्दी जमली होती. आयशा धावत सुटली ती तृप्तीच्या घरी, आणि तिला हाताला धरून ओढत घेऊन आली. दोघी काय बोलल्या ते कुणालाच कळलं नाही, पण तृप्तीचं नाक लाल झालं होतं आणि आयशा हसत होती. अध्यक्षांपुढे प्रश्न मांडला गेला. त्यांनी नियमांचा कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “सगळ्यांवर सारखीच खूण असेल, तर ती खूण धरता येत नाही. मात्र प्लॅस्टिक एकाच जाडीचं पाहिजे. मी मोजणार.”

मशीनची वायर गणपतीच्या रोषणाईच्या बोर्डात घातली, आणि मंडप काळाकुट्ट झाला. अख्ख्या तालुक्याला पुरतील एवढे इलेक्ट्रिकल इंजिनिअर तिथे हजर होते. प्रत्येकाने कारण सांगितलं आणि प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. अखेर मोहिनीवहिनी म्हणाल्या, “अहो, त्या झगमग माळा बंद करा की आधी.” माळा बंद केल्या, फ्यूज बदलला, आणि मशीन गरम व्हायला लागलं. एका ट्यूबच्या उजेडात गणपतीबाप्पा, त्यांच्यासमोर सलीमभाई, आणि त्यांच्याभोवती सगळी कॉलनी. पत्ते एकेक करून गरम पापडासारखे बाहेर येत होते. बायकांनी घरून कात्र्या आणल्या आणि कडा कापायला बसल्या. झुंबरबाई फुंकर घालून पत्ते गार करत होत्या. फक्त चिमाजी बाजूला उभे राहून प्रत्येक पत्त्यागणिक उसासा टाकत होते: “हा गेला… हाही गेला… अरे अरे, याचे तर कोपरे बघा काय होते!” मग कुणीतरी त्यांच्याही हातात कात्री दिली आणि ते कापायला बसले.

फायनल सुरू झाली. वेळ ठरलेली, शिट्टी वाजली की ज्याच्या हातात जास्त पत्ते तो जिंकला. दोघी समोरासमोर बसल्या. दोघींच्या गड्ड्या सारख्याच तकतकीत. पत्ते टणाटण पडत होते, इकडचे तिकडे जात होते, आणि ग्रिझली कुठे दडला आहे ते कुणालाच कळत नव्हतं. रावजी खांबाला टेकून उभे होते. तृप्तीने एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

शेवट आला तेव्हा पत्ते दोघींकडे अगदी सारखे होते. अध्यक्षांनी शिट्टी तोंडात धरली आणि खुणेने सांगितलं, एकच डाव. पाळी आयशाची होती. तिने आपला वरचा पत्ता डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. तो ‘मॅड मिलर’ होता. ताडमाड उंच, आणि वजनात ग्रिझली सोडला तर सगळ्यांच्या वर. काहीही पुकारलं तरी चाललं असतं. तिने तृप्तीच्या गड्डीकडे पाहिलं. सगळे पत्ते एकसारखे चमकत होते.

“वजन!” आयशा ओरडली.

तृप्तीने पत्ता उलटला. ग्रिझली होता.

आयशाने ‘उंची’ म्हटलं असतं तर शील्ड तिचं होतं. एकटा ग्रिझली चमकत असता, तर तिने नक्कीच उंची म्हटलं असतं. हे तिथल्या प्रत्येक पोराला कळलं, आणि या वेळी मोठ्यांनाही कळलं. रावजींना तर ते असं कळलं की त्यांनी खांब घट्ट धरला.

आणि आयशा पोट धरून हसायला लागली. “माझाच निघाला! माझ्याच ग्रिझलीने मला धुतलं!” तृप्तीही हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि तिने तो पत्ता तिथल्या तिथे आयशाच्या हातात कोंबला. शिट्टी वाजवायची अध्यक्ष विसरूनच गेले. शील्ड तृप्तीला मिळालं, ते तिने आणि आयशाने दोन्ही बाजूंनी धरलं, आणि फोटोत सलीमभाईंचं अर्धं मशीनही आलं आहे.

आरती झाली, प्रसाद वाटला, माळा पुन्हा लागल्या. रावजी आयशापुढे जाऊन उभे राहिले. लहान मुलांचे आभार मानायची त्यांना सवय नव्हती. मग भर मंडपात या पन्नाशीच्या माणसाने त्या मुलीला सरळ हात जोडले. तिने घाईघाईने त्यांचे हात खाली केले आणि अब्बूंच्या मागे जाऊन लपली. सलीमभाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्यांनी मशीनची वायर गुंडाळण्याच्या निमित्ताने पुसलं. मशीनच्या वापराचं काय द्यायचं ते विचारायला रावजींनी तोंड उघडलं, आणि प्रथमच काही न विचारता मिटलं. काही गोष्टी घेऊन ठेवाव्या लागतात, हे त्या संध्याकाळी त्यांना पटलं असावं.

रात्र वाढत चालली होती. आयशा पेंगायला लागली तसे सलीमभाई निघायची गडबड करू लागले. रावजी स्कूटरची किल्ली शोधत खिसे चाचपत होते, तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याची बाही कुणीतरी ओढली.

“पप्पा,” तृप्ती म्हणाली, “मीपण येते तिला सोडायला. सलीमकाकांना मागे बसवा, मी पुढे उभी राहते.”

रावजींनी मान हलवली. मशीन सकाळी पोचवायचं ठरवून त्यांनी स्कूटरवरची पुढची जागा तिच्यासाठी मोकळी केली.